पस्तीस लाखांचा कागद

१

बुधवारी सकाळी शांताराम मुळ्ये सुमनताईंच्या दारात उभे राहिले, तेव्हा त्यांच्या एका पायात स्वतःची चप्पल होती आणि दुसऱ्यात बायकोची. पिपलानीच्या कारखान्यात चौतीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात काढून ज्यांची एक रेघ कधी वाकडी गेली नाही, ते हे गृहस्थ! सुमनताईंनी चपलांकडे पाहिलं आणि चहात आणखी एक कप पाणी वाढवलं.

"घरात चोरी झाली," शांताराम म्हणाले.

"काय गेलं?"

"कागद."

सुमनताई त्याच कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झालेल्या. एकतीस वर्षं त्यांच्या खिडकीतून नट-बोल्टपासून क्रेनच्या दोरापर्यंत सगळं गेलं होतं, आणि काही हरवलं की साहेबलोक पोलिसांआधी त्यांना बोलवत. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "वस्तू नाहीशी होत नाही. ती कुणाच्या तरी हातून जाते, आणि बहुतेक वेळा त्या हाताला त्याचा पत्ताही नसतो."

"नीट सांगा," त्या आता म्हणाल्या.

शांतारामांनी सांगितलं ते असं. त्यांची एकुलती एक जुई आणि तिचा होणारा नवरा अद्वैत मिळून मिसरोदला फ्लॅट घेत होते. शुक्रवारी रजिस्ट्री, वैशाखात लग्न. शांताराम आणि नलिनी त्यात आपले पस्तीस लाख घालणार होते. म्हातारपणाची पुंजीच म्हणा ना. म्हणून त्यांनी वकिलाकडून स्टॅम्प पेपरवर एक करारपत्र करून घेतलं होतं: हे पैसे आईबापांनी जुईला दिलेली भेट आहे, घर दोघांच्या नावावर असलं तरी उद्या दुर्दैवानं दोघं वेगळे झाले, तर एवढी रक्कम आधी जुईच्या पदरात पडावी. खाली जुईची आणि अद्वैतची सही व्हायची होती. जुईला कागद ठाऊक होता. अद्वैतला शांताराम गुरुवारी सांगणार होते.

"शनिवारी मी तो कपाटात ठेवला. आज पाहतो तर नाही."

"मग वकील दुसरा देईल की काढून."

"शंभर देईल हो! पण हा गेला कुठं? रविवारी अद्वैत आला होता. नलिनीचं हळदीकुंकू होतं, तो सतरंज्या घालायला आला. कपाट आहे त्या खोलीतून बाहेर पडताना त्यानं खिशात कागद कोंबला. मी या डोळ्यांनी पाहिलं." शांतारामांनी दोन बोटं डोळ्यांपाशी नेली. "ज्या मुलानं आत्ताच असं केलं, त्याच्या हाती मुलगी कशी देऊ? शुक्रवारपर्यंत छडा लागला नाही, तर चेक नाही आणि वैशाखात लग्नही नाही. जुईला तसं सांगून टाकलंय."

"रविवारी घरात आणखी कोण होतं?"

"सतरा बायका होत्या. कॉलनीतल्या सगळ्या. तुम्ही तेवढ्या नव्ह—" शांतारामांनी जीभ चावली.

चार वर्षांपूर्वी सुमनताईंचे यजमान गेले, तेव्हापासून संक्रांतीला नलिनी तिळगुळाचा डबा आठवणीनं पाठवी, पण हळदीकुंकवाचं बोलावणं येत नसे. नलिनीच्या मनात काही वाईट नव्हतं. तशी पद्धतच होती, आणि पद्धतीला कुणी विचारत नाही. सुमनताईंना मात्र त्याचं वाईट वाटे, दर वर्षी तितकंच.

"बरंच झालं," त्या हसून म्हणाल्या. "संशयितांच्या यादीतून मी तरी सुटले. चला."

२

जुई जिन्यात बसली होती. रडून नाक लाल झालेलं, मांडीवर उघडा लॅपटॉप.

"सुमनमावशी, मीच पहिली संशयित आहे ना?" तिनंच सुरुवात केली. "मी बाबांना म्हटलं होतं, लग्नाआधीच आमच्या घटस्फोटाचा हिशेब कसला मांडता, मी तो कागद फाडून टाकीन. म्हटलं होतं, हां, कबूल."

"फाडलास?"

"फाडला असता तर बाबांसमोर फाडला असता. लपूनछपून करण्यात क्या मजा?"

हे खरं होतं. ही मुलगी पाचवीत असताना तिनं सुमनताईंच्या पेरूच्या झाडावरून पेरू तोडले होते, ते आधी बेल वाजवून. सुमनताईंनी तिचं नाव मनातल्या मनात खोडलं.

"बाबा अद्वैतवर शक घेतायत," जुई म्हणाली. "मावशी, प्लीज. घर गेलं तर जाऊ दे, दुसरं बघू. पण माझे बाबा आणि तो आयुष्यभर एकमेकांकडे असे बघणार असतील, तर मी काय करू?"

सुमनताईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना पोरीची दया आली आणि तिच्या बापाचा रागही.

अद्वैत मंडीदीपच्या एका कारखान्यात होता. संध्याकाळी तो जुईला भेटायला आला, तसं सुमनताईंनी त्याला फाटकाशीच गाठलं आणि आडवळण न घेता विचारलं, "रविवारी खिशात काय घातलंस?"

अद्वैतचे कान लाल झाले. "काही नाही, मावशी."

"काही नाही म्हणजे कागद?"

"कागदच. पण आत्ता नाही सांगू शकत. जुईलाही नाही सांगितलं. शुक्रवार झाला की सांगतो, पक्का."

"वाचून दाखवू नकोस. नुसता दाखव."

त्यानं पाकिटातून चुरगळलेली चिठ्ठी काढली आणि क्षणभर धरून परत ठेवली. पण तेवढा क्षण सुमनताईंना पुरे होता. स्टॅम्प पेपर नव्हताच तो. वहीचं पान होतं, आणि त्यावर चारच आकडे होते: साठ, छत्तीस, एकतीस, आणि पुढं प्रश्नचिन्ह घातलेले तेहतीस.

हा कसला हिशेब? सुमनताई घरी गेल्या, त्या आकडे पुटपुटतच.

३

गुरुवारी सकाळी नलिनी भाजी आणायला गेली असताना शांतारामांनी त्यांना कपाट दाखवायला नेलं. खोलीत एक पलंग, एक लोखंडी कपाट आणि खिडकीशी शांतारामांचं भलंमोठं ड्रॉइंगचं टेबल. ऑफिसच्या लिलावात घेतलेलं, त्यांच्या जिवाचा तुकडा.

सुमनताईंनी कपाटाआधी टेबल पाहिलं. मग पदर खोचून ते वितीनं मोजायला सुरुवात केली.

"अहो, टेबल नाही हरवलेलं!"

"साठ इंच लांब," सुमनताई म्हणाल्या. "छत्तीस रुंद. उंची एकतीस. आणि तेहतीस बहुधा मिसरोदच्या खोलीचं दार. टेबल आत जाईल की नाही, म्हणून प्रश्नचिन्ह." त्या वळल्या. "शांतारामभाऊ, तुमचा चोर त्या दिवशी या खोलीत तुमचं टेबल मोजत होता. नव्या घरात तुमच्यासाठी जागा करतोय पोरगा, आणि तुम्ही त्याला जेलात धाडायला निघालात."

शांताराम पलंगावर बसले. ते टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. त्यांना इतकी शरम वाटली, की चष्मा पुसायचं निमित्त करावं लागलं.

"मग कागद?" अखेर त्यांनी विचारलं.

"कुठं ठेवला होतात नेमका? नलिनीला सांगितलं होतंत?"

"नाही. तिच्या पोटात काही राहत नाही. तिलाही एवढंच सांगितलंय, की कपाटात होता. मी अशा जागी ठेवला, जिथं या घरात कुणाचा हात वर्षानुवर्षं जात नाही." त्यांनी सगळ्यांत खालचा ड्रॉवर ओढला. "हा जुन्या कापडांचा गठ्ठा. अगदी तळाच्या कापडाच्या घडीत सारला. हिरवं होतं कसलंसं. तेच गायब आहे. बाकी गठ्ठा बघा, जेवढा होता तेवढाच. कुणी हातही लावलेला नाही."

सुमनताईंनी ड्रॉवरमध्ये पाहिलं. एकावर एक, कोऱ्या घडीचे, किनारीकिनारीचे, पंधरा-वीस तुकडे. एका घडीला कुंकवाचं बोट लागलेलं, दुसरीत तांदळाचे दोन दाणे अडकलेले.

आणि सुमनताईंना हसू आलं. असं आलं, की त्यांना ड्रॉवरशेजारी जमिनीवरच बसावं लागलं.

"काय झालं?" शांताराम घाबरून म्हणाले.

"भाऊ," डोळे पुसत सुमनताई म्हणाल्या, "चोर सापडला. दोन चोर आहेत. एक तुम्ही, आणि दुसरी भाजी घेऊन जिना चढतेय."

४

"हे जुनं कापड नव्हे," नलिनी पिशवी ठेवते न ठेवते तोच सुमनताईंनी सुरुवात केली. "हे ओटीचे ब्लाउजपीस. तुमच्या लेखी हा ड्रॉवर कधी उघडत नाही. बायकांच्या लेखी हा घरातला सगळ्यांत गर्दीचा काउंटर! संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत तर इथं रोज माल येतो आणि रोज जातो. रविवारी नलिनीनं इथून काढून तीन-चार खास ओट्या भरल्या. सोमवार-मंगळवारी ती चार घरी जाऊन आली, तिची ओटी भरली गेली, ते पीस इथं पडले. जितके गेले तितके आले. म्हणून गठ्ठा तेवढाच दिसला."

"पण मी तळाशी ठेवला होता!" शांताराम म्हणाले. "देणारा माणूस वरचं उचलून देईल ना?"

"नलिनी, तू वरचा देतेस की तळाचा?"

"तळाचा," नलिनी म्हणाली. "जुने आधी. नाहीतर घडीवर पिवळे पडतात."

"शाब्बास! स्टोअरचा पहिला नियम. तुला माझ्या खात्यात घ्यायला हवं होतं. आता सांग, रविवारी पहिली ओटी कुणाची भरलीस?"

"मीनावहिनींची. त्या मदतीला लवकर आल्या होत्या ना." नलिनीचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "अगं बाई! म्हणजे त्या घडीत… मला कडक लागलं खरं, पण पुठ्ठा असतोच ना आत."

"पीस कोणता होता?"

नलिनी भाजीच्या पिशवीकडे पाहत म्हणाली, "मोरपंखी. तुम्हीच दिलेला. दोन वर्षांपूर्वी, गणपतीत."

सुमनताई मुळीच रागावल्या नाहीत. उलट आनंदल्या. कारखान्यात त्यांच्या हातून जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवर त्या निळ्या शाईचा एक ठिपका देत, आणि ती सवय घरीही सुटली नव्हती. म्हणजे हा पीस शंभरांत ओळखता येणार होता.

शेजारच्या मीनावहिनींनी दार उघडलं. मोरपंखी पीसचं नाव काढताच त्या म्हणाल्या, "तो होय! किती सुरेख! मी लगेच शिवायला टाकला."

"कोणत्या शिंप्याकडे?"

"तो… हबीबगंजचा."

"तुमचा शिंपी तर इथला, कोपऱ्यावरचा."

मीनावहिनींनी एकदा सुमनताईंकडे आणि एकदा मागं उभ्या नलिनीकडे पाहिलं, आणि त्यांना हसू फुटलं. "नलिनी, राग नको गं मानू. हिरवा रंग मला शोभत नाही. सोमवारी माझं हळदीकुंकू होतं, तेव्हा सायलीच्या ओटीत घातला. नवी नवरी, म्हटलं तिला खुलेल."

"मी कशाला रागावू?" नलिनी म्हणाली. "माझा तरी कुठं होता!"

दोन गल्ल्या पलीकडच्या सायलीनं मंगळवारी पहिल्या संक्रांतीचं हळदीकुंकू केलं होतं. हलव्याचे दागिने अजून टेबलावर होते. प्रश्न ऐकताच ती कळवळली. "मीनाकाकूंना नका ना सांगू, बुरा मानतील त्या. माझ्याकडे एक पीस कमी पडत होता, आणि माझ्या शाळेतल्या मॅडम आल्या होत्या. इतक्या लांबून आल्या, खाली हाथ कशी पाठवू? त्याची घडीही मोडली नव्हती, एकदम नया."

"कोण मॅडम?"

"प्रमिला सरवटे मॅडम. हबीबगंजला राहतात."

नलिनीनं खांबाला धरलं. "अद्वैतची आई!"

५

हबीबगंजपर्यंतच्या वाटेत शांताराम पुढच्या रस्त्यावर नजर खिळवून गाडी चालवत होते. ज्या घरापासून कागद लपवायचा, बरोबर त्याच घरी तो ओटीत घालून, कुंकू लावून पोचवला गेला होता. मागच्या सीटवर नलिनी हातातला रुमाल पिळत होती. सुमनताई खिडकीबाहेर पाहत होत्या. वस्तू कुठं आहे ते कळलं होतं. ती वाचून माणसाचं काय झालं असेल, ते काही स्टोअरच्या नियमात बसत नव्हतं.

प्रमिलाबाईंनी दार उघडलं. कपाळावर चष्मा, हातात लाल पेन.

"या, या! मी आत्ता फोनच करणार होते," त्या म्हणाल्या. "पण काय बोलावं, सुधरत नव्हतं."

टेबलावर मोरपंखी पीस होता. शेजारी स्टॅम्प पेपर पसरलेला. त्यावर तीन ठिकाणी लाल खुणा.

"प्रमिलाताई," शांताराम उभ्याउभ्याच म्हणाले, "मी माफी मागायला आलोय. कागद मी केला. आणि तो हरवला तेव्हा मी तुमच्या मुलावर संशय घेतला. दोन्ही गोष्टी—"

"बसा तरी! आधी मला विचारू द्या." प्रमिलाबाईंनी चष्मा नाकावर ओढला. "हा वकील कोण आहे तुमचा? मजमून बढिया आहे, पण फार गोल-गोल लिहितो. आणि फी किती घेतली?"

"का?"

"का म्हणजे? मलाही करायचाय!"

शांताराम बसले.

"उज्जैनचा प्लॉट विकला मी," प्रमिलाबाई म्हणाल्या. "माझ्या पगारातून घेतलेला. यांनी तेव्हा म्हटलं होतं, कशाला पैसा अडकवतेस. त्याचे अठरा लाख मी अद्वैतच्या घरात घालतेय. महिना झाला, झोप नाही. जुई गुणाची आहे, बिल्कुल शंका नाही. पण उद्याचं कुणी पाहिलंय? कुठंतरी लिहून असावं वाटायचं, आणि तोंड उघडेना. मुलाची आई असं मागायला लागली, तर लोक काय म्हणतील?"

"मला वाटत होतं," शांताराम सावकाश म्हणाले, "मुलीच्या बापानं असं मागितलं, तर लोक काय म्हणतील."

मग नलिनीला आधी हसू आलं, मग प्रमिलाबाईंना, आणि त्यानंतर शांताराम इतके हसले, की आतून प्रमिलाबाईंचे यजमान काय झालं ते बघायला आले.

"परसों रात्री पीसची घडी मोडली, तर हा बाहेर पडला," प्रमिलाबाई सांगत होत्या. "पहिल्यांदा वाचला, तर राग आला. दुसऱ्यांदा वाचला, तर वाटलं, माझ्या मनातलंच लिहिलंय कुणी. तिसऱ्यांदा वाचला आणि उतरवून घेतला." त्यांनी वहीचं पान पुढं केलं. शिक्षिकेच्या वळणदार अक्षरात तोच मजकूर होता, फक्त जुईच्या जागी अद्वैत, पस्तीसच्या जागी अठरा, आणि गोल-गोल वाक्यं सरळ केलेली.

"आता मुलांना सांगायचं," सुमनताई म्हणाल्या. "आजच, आणि दोघांना एकत्र."

फोनवर सगळं ऐकून अद्वैत म्हणाला, "काका, दहा ठिकाणी सही करतो. बस, टेबल आणायचं तेवढं नक्की करा. दार तेहतीसचंच आहे, आडवं करून आत घेऊ." जुई मागून ओरडत होती, "कसलं टेबल? कसलं टेबल?"

६

शुक्रवारी रजिस्ट्रीला निघण्याआधी सगळे मुळ्यांच्या घरी जमले. वकिलानं दोन्ही कागद प्रमिलाबाईंच्या सुधारणांसकट नव्यानं काढून दिले होते, आणि थोडा नाराजही झाला होता. जुई आणि अद्वैतनं दोन्हींवर सह्या केल्या. जुईनं सही करताना बापाकडे पाहून जीभ काढली, शांतारामांनीही काढली. साठी उलटल्यावर माणूस असा हलका होताना क्वचितच दिसतो.

सुमनताई दाराशी होत्या. काम झालं होतं, आता निघावं, असा त्यांचा विचार.

"थांबा," नलिनी म्हणाली. तिनं पाट मांडला होता. हातात तबक, तबकात हळदीकुंकू, तांदूळ, नारळ.

"अगं, मला कशाला—"

"चार वर्षं मी चुकले," नलिनी म्हणाली. "रविवारी तुम्ही इथं असता, तर पीस न चाचपता दिला म्हणून मला टोकलं असतंत. माझ्या लेकीचं घर तुम्ही राखलंत. तुमची ओटी भरायची नाही, तर कुणाची भरायची? बसा."

प्रमिलाबाईंनी त्यांना दंडाला धरून पाटावर बसवलं. सुमनताईंनी पदर पसरला. एकतीस वर्षं खिडकीच्या या बाजूनं देत आलेल्या बाईला, घ्यायला हात कसे पुढं करायचे, हे क्षणभर आठवेना. तांदूळ पडले, नारळ पडला, आणि वर मोरपंखी ब्लाउजपीस. कोपऱ्यात निळा ठिपका. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी येऊ दिलं.

सवयीनं त्यांनी घडी चाचपली. आत कडक लागलं.

"पुठ्ठा असेल," शांताराम गंभीरपणे म्हणाले.

सुमनताईंनी घडी उलगडली. आत दोन्ही करारपत्रं होती. सगळ्या सह्या झालेल्या, फक्त साक्षीदाराची जागा दोन्हींवर कोरी.

"मावशी, तुमच्याशिवाय कोण?" अद्वैतनं पेन पुढं केलं. "आणि हा पीस आता पुढं कुणाला देणार, तेही सांगून ठेवा. उद्या परत शोधायला नको."

"कुणालाही नाही," सुमनताई म्हणाल्या. "आजच कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे टाकते. तुमच्या गृहप्रवेशाला हाच घालून येणार."

त्यांनी अद्वैतचं पेन बाजूला सारलं, पर्समधून स्वतःचं निळ्या शाईचं काढलं, दोन्ही कागदांवर पूर्ण नावानं सही केली, आणि प्रत्येक सहीखाली एक ठिपका दिला.